राजपुत्राला जागे कसे करावे?

इंदूरच्या एका वाचक-भगिनींचे पत्र गेले पंधरा दिवस माझ्या टेबलावर आहे. पत्रात तक्रार नाही, कुतूहल आहे. आणि कुतूहलाच्या आड थोडीशी आईची काळजीही आहे. त्या लिहितात : "आमचे चिरंजीव पस्तिशीला आले. बँकेत अधिकारी आहेत, स्वतः एका मुलीचे वडील आहेत. जानेवारीत एके रात्री पानावर बसले आणि दोन घास खाऊन उठले. विचारले तेव्हा कळले, की शाळेत असताना खेळलेला कोणतासा व्हिडिओ गेम नव्या रूपात यावयाचा होता, तो रद्द झाल्याची बातमी आली होती. पाच वर्षे हे गृहस्थ त्याची वाट पाहात होते! मला हसू आले, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते आवरले. आपण एवढेच समजावून सांगावे. जी वस्तू एकदा तयार झालेली आहे, लोकांना आवडलेली आहे, ती पुन्हा तयार करावयास इतकी वर्षे का लागावीत? आणि एवढ्या मोठ्या कंपनीला ती जमू नये असे तीत आहे तरी काय?"

प्रश्न साधा दिसतो. परंतु या धंद्यातील मोठमोठ्यांना त्याचे उत्तर अद्याप सापडलेले नाही. पत्रात खेळाचे नाव नाही. तथापि महिना, वर्षे आणि चिरंजिवांचे वय पाहता तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हाच असला पाहिजे. पर्शियाचा राजपुत्र हा त्याचा नायक. या राजपुत्राचे चरित्र म्हणजे वारंवार झोपी जाण्याचे आणि निरनिराळ्या हातांनी जागे केले जाण्याचे चरित्र आहे. ते थोडे विस्ताराने सांगितले, तर भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच मिळेल असे वाटते.

आरंभीच एक कबुली देतो. मीही त्या चिरंजिवांच्याच वयाचा आहे. माझ्या लहानपणी मामांच्या कचेरीत एक संगणक होता. त्यावर दिवसभर हिशेब चालत. आणि सायंकाळी, मामांची मर्जी असेल तर, हा राजपुत्र धावत असे. पांढऱ्या वस्त्रांतील तो वीतभर उंचीचाही नसलेला मनुष्य कड्याला बोटांनी लोंबकळला, की खुर्चीभोवती जमलेल्या आम्हा भावंडांच्या मुठी आपोआप आवळल्या जात. तो चुकून खालच्या भाल्यांवर कोसळला, की कचेरीत क्षणभर कोणी बोलत नसे. इतर खेळांतील बाहुली मेली तर आम्ही हसत असू. हा मेला तर वाईट वाटे. असे का व्हावे, याचा उलगडा मला पुष्कळ वर्षांनी झाला.

जॉर्डन मेक्नर हा अमेरिकन तरुण येल विद्यापीठात शिकत असतानाच १९८४ साली त्याचा 'कराटेका' हा पहिला खेळ प्रसिद्ध झाला होता. दुसऱ्या खेळाच्या तयारीसाठी १९८५ साली त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, गाड्या उभ्या करण्याच्या एका मोकळ्या जागेत नेले. तेथे त्याला धावावयास, उडी मारावयास, हातांवर भार देऊन वर चढावयास लावले आणि हे सर्व चित्रफितीवर टिपून घेतले. मग त्या फितीतील एकेक चित्र समोर ठेवून त्याने राजपुत्राची आकृती बेतली. तलवारीच्या हातांसाठी त्याने १९३८ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' या चित्रपटातील एका द्वंद्वाचा आधार घेतला. संगीत त्याच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेक्नर यांनी, रचले. १९८९ साली ब्रॉडरबंड या कंपनीने हा खेळ विक्रीस आणला. आम्हा मुलांना त्या राजपुत्राची जी दया येई, ती एका खऱ्याखुऱ्या मुलाच्या देहाची होती. उडी मारण्यापूर्वी तो पावले जुळवी, पडल्यावर सावरावयास वेळ घेई. कारण डेव्हिडलाही तो वेळ लागला होता.

त्या खेळातील आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्या 'ॲपल टू' संगणकासाठी तो रचला गेला, त्याची धारणशक्ती तुटपुंजी होती. राजपुत्राच्या हालचालींच्या चित्रांनीच ती बहुतेक व्यापली, आणि प्रतिस्पर्ध्याची नवी चित्रे ठेवावयास जागाच उरली नाही. सहकाऱ्यांचा आग्रह मात्र असा, की लढाई हवीच. अखेर मेक्नरने राजपुत्राचीच चित्रे एका गणिती युक्तीने पालटून त्यांतून एक झळाळती छाया निर्माण केली. राजपुत्र आरशातून उडी घेतो तेव्हा ही छाया दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि त्याची वैरीण होते. शेवटी तिच्याशी गाठ पडते तेव्हा तिच्यावर केलेला वार राजपुत्रालाच लागतो. तलवार म्यान करून तिला सामोरे गेल्यावाचून सुटका नाही. खेळातील हा सर्वांत संस्मरणीय प्रसंग यंत्राच्या दारिद्र्यातून जन्मला आहे. आजच्या यंत्रांना ते दारिद्र्य नाही. तेव्हा जो कोणी हा खेळ पुन्हा घडवू पाहील, त्याला प्रथम हे ओळखावे लागते, की जुन्या वस्तूतील कोणती गोष्ट नाइलाजाने आली होती, आणि नाइलाजाने आलेली असूनही ती वगळता का येत नाही.

१९९३ साली दुसरा भाग निघाला. पुढे सहा वर्षे शांततेत गेली. दरम्यान खेळांची दुनिया सपाट चित्रांतून खोलीच्या चित्रांत शिरली होती. पडद्यावरच्या खोल्यांना आता चारी बाजू आल्या होत्या. १९९९ साली राजपुत्राला त्या नव्या दुनियेत उभे करण्याचा पहिला प्रयत्न झाला. नाव तेच, पेहराव तोच, महाल आणि सापळेही तेच. परंतु पाहणाऱ्याची दृष्टी भलत्याच कोनात अडके, उडी कोठे पडेल याचा अंदाज येत नसे, आणि आज्ञावलीतील चुकाही पुष्कळ राहून गेल्या होत्या. शिवाय त्याच सुमारास प्रकाशक कंपनीचे मालक एकामागून एक बदलत होते. घराची वाटणी चालू असता स्वयंपाकघरात पक्वान्न चांगले व्हावे ही अपेक्षा कोणी करू नये. राजपुत्र जागा झाला खरा, पण लोकांनी मान फिरविली.

खरी जाग आली ती २००३ साली, युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या कॅनडातील माँट्रियल येथील शाखेत. खेळाच्या नावाचा हक्क मेक्नरने स्वतःकडे राखून ठेवला होता. त्या तरुण मंडळींनी त्याला आपल्या कामाचे आरंभीचे नमुने दाखविले, त्याची खात्री पटली, आणि कथालेखनासाठी तो स्वतः त्यांच्यात जाऊन बसला. त्यांनी जवळजवळ सर्व काही बदलले. वजीर नवा, राजकन्या नवी, महाल नवा. जुन्या खेळात राजकन्येला सोडविण्यास साठ मिनिटांची मुदत असे; तीही काढून टाकली. मग राखले काय? मेक्नरच्या खेळाचा गाभा दोन गोष्टींत होता : माणसाच्या देहाचे वजन आणि हातातून निसटणारा काळ. हे दोन्ही त्यांनी ठेवले. नवा राजपुत्र भिंतीवरून धावतो, खांबाखांबांवरून झेपावतो; पण दमतो, धडपडतो, पडतो. आणि त्याच्याजवळ एक खंजीर आहे, ज्यातील वाळू खर्च करून तो गेलेले काही क्षण मागे फिरवू शकतो. वाळू थोडीच असते. पूर्वी काळ संपत असे, आता तो मोजून मापून खर्चावा लागे. रूप पूर्ण पालटूनही ज्यांनी जुना खेळ खेळला होता, त्यांना हा आपलाच राजपुत्र वाटला.

या कथेचा शेवट येथे सांगितला पाहिजे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. कथेचा आरंभ हिंदुस्थानातील एका महाराजांच्या महालात होतो, आणि नायिका फराह ही त्या महाराजांची कन्या आहे. दोघे मिळून अनंत संकटांतून जातात, एकमेकांवर त्यांचा जीव जडतो. शेवटी सर्वनाश टाळण्यासाठी राजपुत्र सगळा काळ उलटा फिरवितो. काही घडलेच नाही अशी स्थिती होते. त्याला सारे आठवत असते, तिला काहीच आठवत नसते. तिच्या दालनात जाऊन त्याला ती कथा पहिल्यापासून सांगावी लागते.

असा खेळ यशस्वी झाल्यावर तो पुन्हा झोपी कसा गेला? त्याचे कारण यशातच आहे. २००४ आणि २००५ या लागोपाठच्या वर्षी पुढील दोन भाग काढण्यात आले. त्यांपैकी पहिल्या भागात, मेक्नरच्या सहभागावाचून, राजपुत्र क्रूर आणि कर्कश झाला. २००८ साली पुन्हा वेगळाच राजपुत्र आला. २०१० साली एक चित्रपट आणि त्याच्या आगेमागे आणखी एक खेळ. दरम्यान माँट्रियलच्या त्याच मंडळींपैकी काहींनी राजपुत्राचा पुढील भाग म्हणून जो आराखडा आखला होता, त्यात राजपुत्रापेक्षा त्याचा अंगरक्षकच मोठा होऊ लागला. तो आराखडा वेगळा काढून २००७ साली 'ॲसॅसिन्स क्रीड' या नावाने प्रसिद्ध झाला आणि कंपनीचा सर्वांत कमावता पुत्र ठरला. घरात धाकट्याचे कर्तृत्व वाढले, की थोरल्याची खाट माजघरातून ओसरीवर येते. २०१० नंतर लहानसहान आवृत्त्या सोडल्या तर राजपुत्र निजूनच होता.

निजलेल्या वस्तूचे काय होते, हे मेक्नरच्याच घरी दिसून आले. १९८९ च्या खेळाची मूळ आज्ञावली त्याच्यापाशी राहिली नव्हती. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातील एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. त्या वाचण्यास जुनी यंत्रे आणि ती जाणणारी माणसे शोधावी लागली. सुदैवाने अक्षरे शाबूत निघाली आणि मेक्नरने ती आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. एका घरातल्या खेळाची ही कथा. शेकडो माणसांनी मिळून केलेल्या खेळाचे तर विचारूच नका. त्यातील चित्रकार एका देशात, गणिती दुसऱ्या देशात; आणि अमुक उडी अमुक इतक्याच अंतराची का ठेवली, हे कोणी लिहून ठेवलेले नसते. कंपनीच्या कपाटात नाव राहते, हक्काचे कागद राहतात. हात निघून जातात.

भगिनींना हे दूरचे वाटत असल्यास माझ्या टेबलावरील एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी गृहिणींसाठी लिहिलेली एक जुनी पुस्तिका नव्याने काढण्याचे काम माझ्याकडे आले होते. पुस्तिका लोकप्रिय होती, मजकूर तयार होता. मी वरिष्ठांना सांगितले, "आठ दिवसांत देतो." चार महिने लागले. छपाईचे जुने ठसे गहाळ झाले होते. शेर-छटाकाची मापे बदलावी लागली. मापे बदलल्यावर चित्रे जुळेनात. भाषा थोडी सोपी केली, तर मूळ लेखिकेचा प्रेमळ दटावणीचा सूर हरपला. तो ठेवला, तर आजच्या तरुण गृहिणीला तो उपदेश वाटू लागला. प्रसिद्ध झाल्यावर एका वृद्ध वाचक-भगिनींचे पत्र आले : "दूध उतू गेल्यावर काय करावे, ते वाक्य कोठे आहे?" ते वाक्य मी अनावश्यक म्हणून गाळले होते. त्यांनी ते चाळीस वर्षे पाठ ठेवले होते.

आता त्या रद्द झालेल्या खेळाकडे वळू. सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टने जाहीर केले, की २००३ चा तो गाजलेला खेळ नव्याने घडविला जात आहे, आणि ते काम कंपनीच्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे सोपविले आहे. ज्या कथेचा आरंभ हिंदुस्थानातल्या महालात होतो, ती हिंदी हातांनी पुन्हा घडावी, याचा अनेकांना आनंद झाला. या क्षेत्रात आपल्याकडील तरुण बहुधा दुसऱ्याच्या कामातील एखादा भाग करून देतात. येथे संपूर्ण खेळाची जबाबदारी त्यांच्याकडे आली होती. राजपुत्राला २००३ साली ज्याने आवाज दिला होता, तो नट युरी लोवेन्थालही परत येणार होता. जानेवारी २०२१ ही प्रकाशनाची तारीख ठरली.

परंतु पहिली चित्रफीत दाखविली गेली आणि प्रेक्षकांनी नाके मुरडली. चेहरे निर्जीव दिसतात, प्रकाश जुनाट वाटतो, असे सर्वत्र बोलले जाऊ लागले. तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे गेली. मे २०२२ मध्ये हे काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलला नेण्यात आले. २०२६ साली खेळ येईल असे पुढे सांगण्यात आले; आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने आपल्या कारभाराची मोठी फेररचना करताना जे सहा खेळ रद्द केले, त्यांत याचेही नाव आले. ज्या गावी तो जन्मला होता, तेथे नेऊनही तो उठला नाही.

आतल्या घडामोडींवर बाहेरून निकाल देणे योग्य नव्हे. तथापि एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. पुण्या-मुंबईच्या त्या तरुणांची स्पर्धा दुसऱ्या एखाद्या खेळाशी नव्हती. ती बारा वर्षांच्या मुलाच्या आठवणीशी होती. २००३ च्या खेळातील चेहरे आज पाहिले तर ओबडधोबड दिसतात. पण पाहणाऱ्याने ते मनात केव्हाच गुळगुळीत करून घेतलेले असतात. नवे चित्र जुन्या चित्रापेक्षा कितीही सरस असले, तरी आठवणीतल्या चित्रापुढे ते उणेच पडते. शिवाय जुन्या चाहत्याचे बोलणे दुहेरी असते. तो म्हणतो, "सगळे जसेच्या तसे ठेवा", आणि तसे ठेवले की म्हणतो, "यात नवीन ते काय?"

दुसरी अडचण जमाखर्चाची. अशा मोठ्या खेळावर शेकडो माणसे कित्येक वर्षे राबतात. तो खर्च केवळ जुन्या चाहत्यांच्या खरेदीतून निघत नाही. ज्यांनी राजपुत्राचे नावही ऐकलेले नाही, अशा मुलांनीही तो घेतला पाहिजे. आपल्या संगीत नाटकांचे जुने प्रयोग पुन्हा रंगभूमीवर आणणाऱ्यांना ही कोंडी ठाऊक आहे. रात्रभर चालणारे नाटक तीन तासांत बसविले, तर पहिल्या रांगेतील आजोबांना गाळलेली पदे सलतात, आणि त्यांच्या शेजारचा नातू राहिलेल्या पदांना जांभया देतो. तिकीट मात्र दोघांनीही काढले तर नाटक मंडळी जगते.

या कोंडीतून मार्गच नाही काय? एक मार्ग दिसला होता. फ्रान्समधील माँपेलिए येथील युबिसॉफ्टच्या शाखेने जानेवारी २०२४ मध्ये 'द लॉस्ट क्राउन' हा नवा खेळ काढला. त्यांनी जुना खेळ पुन्हा रंगविला नाही. १९८९ प्रमाणे बाजूने दिसणारे चित्र त्यांनी परत आणले, आणि त्यात राजपुत्राला सोडविण्यास निघालेला सारगॉन नावाचा तरुण योद्धा उभा केला. पर्शियाचा म्हणविणारा खेळ फारसी भाषेतही बोलू शकेल अशी सोय केली. खेळताना वाट चुकू नये म्हणून, पाहिलेल्या जागेचे चित्र टिपून नकाशावर टाचून ठेवण्याची एक साधी आणि सुबक युक्ती त्यात होती. ती पाहून मला स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब टिपणारी आमची आई आठवली. समीक्षकांनी या खेळाची मनापासून स्तुती केली. परंतु विक्री अपेक्षेइतकी झाली नाही अशा वार्ता आल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती मंडळी निरनिराळ्या कामांवर पांगविण्यात आल्याचे कळले. म्हणजे राजपुत्राला जागे कसे करावे हे ज्या हातांना कळले होते, ते हातही पुन्हा विखुरले. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील खरे नुकसान हे आहे. रद्द झालेल्या खेळाची हळहळ वर्षभरात ओसरेल. पण एकत्र बसून शिकलेले शहाणपण एकदा पांगले, की पुढच्याला ओनाम्यापासून आरंभ करावा लागतो.

तेव्हा, इंदूरच्या भगिनी, आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. ती वस्तू एकदा तयार झालेली आहे, हे खरे. परंतु ती ज्या माणसांनी, ज्या अडचणींत, ज्या वेळी केली, ते सर्व पुन्हा विकत मिळत नाही. कंपनीकडे नाव असते. नावाच्या आत काय होते, हे ज्यांना शोधता येते, त्यांना ते शोधावयास वेळ आणि विश्वास लागतो, आणि या धंद्यात दोन्ही महाग झाले आहेत. आपल्या चिरंजिवांचे वाईट वाटणे पोरकट नाही. पाच वर्षे त्यांना कोणी तरी सांगत होते, की तुमचे बाळपण परत आणून देतो. आणि मग एका सायंकाळी ते मागे घेतले गेले.

त्यांना एक आठवण मात्र द्यावी. २००३ चा तो खेळ नाहीसा झालेला नाही. आजही तो विकत मिळतो. चेहरे ओबडधोबड दिसतील, दिसू द्यावेत. एखाद्या रविवारी त्यांनी आपल्या मुलीला जवळ बसवावे आणि तिच्या हाती राजपुत्र द्यावा. ती पहिल्याच खांबावरून खाली पडेल. त्यांनी मध्ये बोलू नये. त्या कथेच्या अखेरीस राजपुत्राला जे करावे लागते, तेच आता त्यांना करावयाचे आहे : ज्याला काहीच आठवत नाही, त्याला ती गोष्ट पहिल्यापासून सांगणे. आणि भगिनी, त्या दिवशी आपणही जरा तेथे बसावे. पान अर्धे टाकून उठलेला मुलगा कोठे गेला होता, हे आपल्याला पाहावयास मिळेल.